सोळा महिने आमच्यापाशी बसलेल्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही चहा ठेवायला उठता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. तुम्ही आमच्यासाठी जे केलेत ते इतरांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ह्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले त्या आठवड्यात आमच्या इंदूरमधल्या सुदामा नगरच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. बहुतेकांनी मायेने विचारपूस केली. परंतु एका गृहस्थांनी प्रार्थना आटोपल्यावर ह्यांच्या उशाशी उभे राहून सांगितले की, घरात कबूल न केलेले एखादे पाप असेल ते शोधा, विश्वास पुरेसा असता तर हे दुखणे टिकले नसते. त्या रात्री मी बायबल उघडले नाही, आणि पुढे कित्येक दिवस मला ते उघडवले नाही.

तुम्ही आलात आणि सरळ स्वयंपाकघरात गेलात. इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या तुम्हाला पथ्य पाठ होते. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकायचे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचे. पोहे करायचे, पण वर शेव आणि जिरावन मसाला घालायचा नाही (इंदूरच्या माणसाला हे किती जड जाते, ते इंदूरकरच जाणे). आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास, डायलिसिस चालू असताना तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसलात. एकदाही उपदेश केला नाहीत.

शेवटी मीच विचारले, की तुम्ही मला काहीच समजावत का नाही? तेव्हा तुम्ही बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे एकामागून एक संकटे कोसळलेल्या त्या नीतिमान माणसाच्या, पुस्तकाचा दुसरा अध्याय काढलात. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे होते. "इथपर्यंत ते बरोबर होते, तोंड उघडले तेव्हा चुकले," असे तुम्ही म्हणालात. शेवटच्या अध्यायात देवाचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर, हेही तुम्हीच दाखवलेत. मग 88वे स्तोत्र वाचायला दिलेत. ते अंधारातच संपते, त्यात कुठेही दिलासा नाही, तरीही 150 स्तोत्रांत त्याला जागा आहे. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी प्रार्थना केली. तिच्यात स्तुती नव्हती, सगळे भांडणच होते. पण मी देवाशी बोलत होते.

पंडिता रमाबाईंची आठवण तुम्ही वारंवार काढत असा. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी 1921 मध्ये गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या; परंतु त्या मधल्या काळात बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे करीत आणले. त्यांचे दुःख कमी झाले असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. दुःखासकट काम चालते, एवढेच म्हणालात, आणि मला तेवढेच हवे होते.

डायलिसिससाठी ह्यांच्या डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला, तेव्हा तुम्ही माझी दोन बोटे धरून त्या जागी ठेवलीत. कातडीखाली मांजर गुरगुरावे तशी थरथर लागली. ती रोज तपासायची, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, आणि थरथर लागेनाशी झाली तर क्षणभरही न थांबता डॉक्टरांना गाठायचे, असे तुम्ही बजावलेत. आता रोज पहाटे मी तिथे बोटे ठेवते आणि तीच माझी प्रार्थनेची वेळ झाली आहे. पूर्वी मी पूर्ण बरे होण्याचे मागणे मागत असे. आजही मागते, परंतु आधी आजच्या दिवसापुरते मागते. देवाने इस्राएली लोकांना रानात रोज दिलेले अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी साठवले तर त्यात किडे पडत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागितली आहे. देवावर विसंबणे म्हणजे काय, हे मला वयाच्या पन्नाशीत त्या मनगटावर कळले.

डायलिसिस चालूच आहे. सुटलेली नोकरी परत मिळाली नाही, पण हे घरूनच दोन दुकानांचे हिशेब लिहितात. रविवारची उपासना हिंदीत होते, मात्र घरी परतल्यावर हे मराठी शास्त्रातून एक अध्याय मोठ्याने वाचतात, आणि मी ऐकते.

पुढच्या महिन्यात तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. रात्री तुमच्यापाशी मी बसणार आहे. सून आहे, परिचारिका आहेत, असे काही सांगू नका. पथ्य मला लिहून द्या. बाकी मी काही बोलणार नाही.

प्रभूमध्ये आपली,
सुदामा नगरची तुमची भाची