बंदूक बनवणारी फाइल आणि तिचे बदलते मालक : न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलना खुले पत्र

प्रति,
मा. ॲटर्नी जनरल,
न्यू जर्सी राज्य, ट्रेंटन.

स. न. वि. वि.

मी एडिसनला राहतो. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, कारखान्याची अवजारे आणि साचे बनवतात तिथे, काम शिकलो आणि आजही संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहूनच माझे घर चालते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे धाडली आहे. मराठीत मुद्दाम लिहितो आहे, कारण इथल्या मराठी घरांत बंदुकीचा विषय निघाला की 'हे त्यांचं आहे, आपलं नाही' म्हणून बोलणे दुसरीकडे वळते. आपली मुले इथल्याच शाळांत जातात. विषय आपलाही आहे.

लिहायचे आहे ते टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या कंपनीबद्दल. घरच्या मशीनला बंदूक कशी बनवायची ते सांगणाऱ्या संगणकाच्या फाइली ती लोकांना पुरवते. आपल्या खात्याला ती नवी नाही. जुलै 2018 मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी तिला नोटीस दिली होती, की न्यू जर्सीतल्या लोकांच्या हाती पडतील अशा बंदुकीच्या फाइली इंटरनेटवर टाकू नका. त्यावर कंपनीने टेक्ससमध्ये दावा लावला. तो टेक्ससमध्ये चालायचा की न्यू जर्सीत, एवढ्यावरच दोन्हीकडच्या न्यायालयांची किती वर्षे गेली ते आपले खाते जाणते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे सगळ्यांचे लक्ष भलतीकडे गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीचा संस्थापक कोडी विल्सन याच्यावर टेक्ससमध्ये अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला. तो तैवानला गेला, तैपेईत पकडला गेला, परत आणला गेला. त्याने राजीनामा दिला आणि पलोमा हाइनडॉर्फ नावाच्या बाईंनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. त्या याच कंपनीत आधीपासून काम करत होत्या. बंदुकांच्या धंद्यात प्रमुखाच्या खुर्चीवर स्त्री क्वचितच दिसते, त्यात कंपनी अशी बदनाम, म्हणून सगळीकडे त्यांच्याबद्दल छापून आले. त्या कोण, कशा बोलतात, इथवर कशा आल्या, संस्थापकापेक्षा वेगळ्या वागतील का. खुद्द त्यांनी ऑस्टिनच्या पत्रकार परिषदेत काहीही लपवले नव्हते. काम थांबणार नाही, फाइलींची विक्री चालू राहील, असे त्या सरळ सांगत होत्या. बातम्यांत त्यांचा चेहरा मोठा झाला आणि हे वाक्य खाली गेले.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, विल्सनने सौम्य केलेल्या आरोपाची कबुली दिली, त्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखालची मुदत मिळाली आणि तो पुन्हा कंपनी चालवू लागला. म्हणजे माणूस गेला, बाई आल्या, माणूस परत आला. या सगळ्या काळात कंपनीचे काम थांबले नाही, कारण ते त्या दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हते. ते फाइलीत आणि एका छोट्या मशीनमध्ये होते.

फाइलीची गोष्ट आधी. मे 2013 मध्ये या कंपनीने 'लिबरेटर' नावाचे पिस्तूल दाखवले. सोळा भाग, त्यातले पंधरा थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लास्टिकचे, आणि घोड्याचा आघात गोळीवर पोचवायला बाजारात मिळणारा साधा खिळा. एका वेळी एकच गोळी. हत्यार म्हणून ते सुमारच होते, आणि मी कारागीर म्हणून सांगतो, मला ते हातात धरायची भीती वाटली असती. पण त्याची फाइल दोन दिवसांत सुमारे एक लाख वेळा उतरवून घेतली गेली. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शस्त्रनिर्यातीचे नियम दाखवून ती काढायला लावली. तोवर ती जगभर पोचली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तर त्याच वर्षी ते पिस्तूल आपल्या संग्रहात घेतले. कंपनीने 2015 मध्ये परराष्ट्र खात्यावर खटला भरला. सरकार तीन वर्षे लढले, न्यायालयांत त्याचीच बाजू टिकत होती, आणि जून 2018 मध्ये त्याच सरकारने अचानक तडजोड केली. फाइली टाकायला मोकळीक दिली, वर कंपनीला खर्चापोटी जवळजवळ 40 हजार डॉलर मोजले. फाइली खुल्या व्हायच्या आदल्या दिवशी, 31 जुलैला, सिॲटलचे न्यायाधीश रॉबर्ट लॅसनिक यांनी स्थगिती दिली. राज्ये एकत्र येऊन तिथे गेली म्हणून ती मिळाली, आणि त्यात न्यू जर्सी होते याबद्दल मला आजही आपल्या खात्याचा आदर वाटतो.

पण माझ्या मते खरा धोका लिबरेटरचा नव्हता. खरा धोका 2014 मध्ये कंपनीने विकायला काढलेल्या 'घोस्ट गनर' या मशीनचा होता, आणि त्यावर वकिलांपेक्षा आमच्यासारख्यांना जास्त बोलता येईल.

अमेरिकी कायद्यात एआर-15 जातीच्या रायफलीचा 'लोअर रिसीव्हर' हा खालचा सांगाडा म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावर कोरलेला असतो. नळी, दस्ता, मॅगझिन हे सगळे सुटे भाग. म्हणून बाजारात अर्धवट राखलेला सांगाडा विकला जाऊ लागला. लोक त्याला 'ऐंशी टक्के' म्हणतात. चापाच्या यंत्रणेची जागा त्यात कोरलेली नसते, काही भोके पाडलेली नसतात, म्हणून वर्षानुवर्षे तो बंदूक मानला जात नव्हता. उरलेले काम घरी करायचे. आणि ते काम सोपे नाही. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात सरळ भिंतीचे, नेमक्या खोलीचे पॉकेट (खळगा) मारायचे म्हणजे तो ठोकळा नीट पकडावा लागतो, झीरो (मोजमाप जिथून सुरू होते तो नेमका बिंदू) घ्यावा लागतो, टूल किती खाते आहे ते कानाने ओळखावे लागते. आमच्याकडे पोरगा टूलरूममध्ये आला की पहिले काही महिने फक्त कानस मारायचा आणि व्हर्नियर धरायचा. हात बसायला वर्षे लागतात. कोणी ठरवून केलेली व्यवस्था नव्हती, पण हीच अडचण समाजाचे रक्षण करत होती. ज्याला रागाच्या भरात बंदूक हवी असते, त्याच्याकडे तेवढी वर्षे नसतात.

घोस्ट गनर ही अडचण काढून टाकते. टेबलावर मावणारे मशीन, 2018 च्या सुमारास किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. सांगाडा त्यात बसवायचा, फाइल चालू करायची. झीरो मशीन स्वतः घेते. खोली, वेग, टूल कधी बदलायचे, सगळे आधीच लिहिलेले असते. पुढे उभ्या असलेल्या माणसाला काहीही येत नसले तरी चालते. माझ्या धंद्यातले लोक आयुष्य घालवून जे मिळवतात ते इथे बंदुकीपुरते डबाबंद करून विकले आहे. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, आमच्या जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, उमर्टी नावाचे गाव आहे. तिथली गावठी पिस्तुले पुण्यापर्यंत पोचतात, पोलिसांच्या कारवायांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत आहेत. ती गोष्ट वाईटच. पण तिथे बनवणारा हात आहे, भट्टी आहे, नेणारा माणूस आहे, रस्ता आहे. पोलिसांना जायला एक गाव आहे. ऑस्टिनहून निघालेल्या फाइलीला गाव नाही. ती एडिसनमधल्या कुठल्याही तळघरात एका रात्रीत उमर्टी उभे करू शकते, आणि तयार झालेल्या बंदुकीवर नंबर नसतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 2017 मध्ये देशभरच्या पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या बिननंबरी बंदुका साधारण 1,600 होत्या. 2021 मध्ये 19,000 च्या वर गेल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथल्या सॉगस हायस्कूलमध्ये सोळा वर्षांच्या मुलाने अशाच जुळवलेल्या पिस्तुलाने दोन विद्यार्थ्यांचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. सोळा वर्षांच्या मुलाला दुकानात कोणी पिस्तूल विकले नसते. डिसेंबर 2024 मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावर आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला. पकडलेल्या संशयिताकडे थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले भाग असलेली बंदूक सापडली, असे पोलिसांनी सांगितले. या दोन्ही घटनांमध्ये ऑस्टिनच्या या कंपनीचा हात होता असे मी म्हणत नाही. पण बंदूक घरी बनवता येते, आणि तो आपला हक्क आहे, हा विचार या देशात सर्वांत मोठ्याने तिने पसरवला.

26 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी केंद्राचा नियम उचलून धरला: सहज पुरे करता येणारे जुळणी-संच ही बंदूकच, त्यावर नंबर हवा, घेणाऱ्याची तपासणी हवी. निकाल परंपरावादी मानल्या जाणाऱ्या न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिला, म्हणजे बंदुकीच्या हक्काच्या विरोधकांनी नव्हे. मला त्याने फार बरे वाटले. पण फाइलींचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता, आणि केंद्राचे नियम सरकारे बदलली की बदलतात, हे 2018 च्या तडजोडीने आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून भार पुन्हा राज्यांवर येतो.

आपल्या राज्याने नोव्हेंबर 2018 मध्येच कायदा करून अशा फाइली परवाना नसलेल्यांना वाटणे गुन्हा ठरवले. कंपनीचे म्हणणे, फाइल म्हणजे भाषण, आणि भाषणाला घटनेचे संरक्षण आहे. मी हा मुद्दा झटकून टाकत नाही. ड्रॉइंग मी रोज वाचतो, ड्रॉइंग ही खरोखर भाषा आहे; ते पाहून माणूस विचार करतो, शंका काढतो, चूक दाखवतो. बंदुकीचे ड्रॉइंग छापलेले पुस्तक कोणी वाचत असेल तर त्याला अडवू नये असेच मला वाटते. पण जी-कोडची, म्हणजे मशीनला एकेक हालचाल सांगणाऱ्या हुकमांची, तयार फाइल अशी वाचली जात नाही. विकत घेणाऱ्याने ती उघडूनसुद्धा पाहिलेली नसते. ती मशीनला दिली जाते आणि धातू कापला जातो. हा फरक न्यायाधीशांना कागदावर सांगून कळायचा नाही. माझी आपल्याला पहिली विनंती हीच आहे: अशा खटल्यांत टूलरूममधली माणसे साक्षीला बोलवा. न्यायालयात एक अर्धवट सांगाडा ठेवा. एकीकडे ड्रॉइंग देऊन नवख्या माणसाला ते काम किती जमते ते सांगू द्या, दुसरीकडे फाइल आणि मशीन काय करते ते दाखवू द्या. आमच्यातले कितीतरी जण यायला तयार होतील. मी येईन.

दुसरे, कारवाई माणसांची नावे पाहून आखू नका. विल्सन पकडला गेला तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि हाइनडॉर्फ आल्यावर 'आता बघू या काय होते' असे म्हणत वाट पाहिली. तो वेळ फुकट गेला. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये शहाणपणा केला: मुख्यतः बंदूक बनवण्यासाठी असलेल्या सीएनसी मशीनच्या विक्रीवरच बंधन आणले, विकणारा कोणीही असो. त्यानंतर तेच मशीन वेगळ्या नावाने विकले जात आहे, असा आरोप करणारा खटला 2024 मध्ये सॅन डिएगोहून दाखल झाला. त्याचा निर्णय काय व्हायचा तो होईल. आपल्याकडच्या तरतुदी आणि त्यांखालचे आदेश मात्र असे लिहा, की मशीनचे नाव, कंपनीचे नाव, प्रमुखाचा चेहरा बदलून त्यांतून निसटता येणार नाही. ते मशीन काय करायला बांधले आहे आणि सोबत कोणत्या फाइली येतात, एवढेच पाहा.

तिसरी विनंती जरा उलट्या बाजूची आहे, पण तिच्याविना हे पत्र अपुरे राहील. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये थ्रीडी प्रिंटर घेणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासावी असा प्रस्ताव विधिमंडळात आला होता. कृपा करून त्या वाटेने जाऊ नका. आमच्या गावच्या ग्रंथालयांत, शाळांत प्रिंटर आहेत. मुले त्यांवर रोबोचे गिअर काढतात, कोणी आजीसाठी औषधाच्या डबीचे झाकण बनवते. माझ्या मुलीने पहिला प्रोग्रॅम तिथेच लिहिला. मोकळी मशीने हा या देशाचा फार मोठा गुण आहे, मी इथे राहिलो त्यातही त्याचा वाटा आहे. एका कंपनीने तो गुण वापरून घेतला म्हणून मुलांच्या हातातले मशीन काढू नका. बंदुकीसाठी बांधलेले मशीन आणि सर्वसाधारण मशीन यांतली रेघ कुठे ओढायची हे अवघड आहे खरे, पण अशक्य नाही. रोज मशीनवर उभी राहणारी माणसे आणि शाळांतले कार्यशाळेचे शिक्षक यांना एकत्र बसवले तर ती ओढता येईल.

अशी बैठक आपल्या खात्याने बोलवावी. एडिसन, पिस्काटवे, जर्सी सिटी इथे कारखान्यांत काम करणारी मराठी, गुजराती, तेलुगू माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांना आजवर या विषयावर कोणी विचारलेले नाही. तारीख कळवावी, माणसे गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतो.

आपला नम्र,
एडिसनमधला एक टूलमेकर