स्मृतिस्तंभावरची नावे : इंडोनेशियात कशी ठरतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

17 सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या हुतात्मा स्मारकांना रंग लागतो आणि 'आमच्या गावच्या अमक्याचे नाव स्तंभावर का नाही' हा वादही नेमाने निघतो. अर्ज कुणाकडे करायचा, पुरावा कोणता जोडायचा, निकाल कोण देणार, याचा मात्र पत्ता नसतो. इंडोनेशियाने 'राष्ट्रीय वीर' या किताबासाठी ही वाट कायद्यानेच आखून दिली आहे.

हा किताब 1959 पासून दिला जातो आणि तो मरणोत्तरच असतो. पहिले मानकरी लेखक आणि स्वातंत्र्यसेनानी अब्दुल मुईस. सध्या 2009 चा 20 क्रमांकाचा कायदा लागू आहे. प्रस्ताव गावातले लोक किंवा एखादी संस्था तयार करते. तो जिल्हाप्रमुखाकडे जातो, मग प्रांताची संशोधन समिती तो तपासते, राज्यपाल शिफारस करतो, समाजकल्याण मंत्रालयाची केंद्रीय समिती पुन्हा छाननी करते, किताब परिषद मत देते आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष सही करतात. फाइलीत चरित्र, कामाचा पुरावा, छायाचित्रे असावी लागतात. त्या व्यक्तीवर चर्चासत्रही झालेले असावे लागते. नुसते आमदाराचे पत्र जोडून भागत नाही!

माणूस शत्रूला शरण गेलेला नसावा, अशीही एक अट आहे. ती किती नाजूक आहे ते जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याच्यावरून कळते. 1825 ते 1830 तो डचांशी लढला. 28 मार्च 1830 रोजी मागेलांगला बोलणी करायला आला असता सेनापती द कॉकने त्याला पकडले आणि 1855 मध्ये मकासरला तो कैदेतच वारला. याला शरणागती म्हणायचे की दगा, हे कागदपत्रांवरूनच ठरते. 'माफी लिहून सुटला' असा आरोप आपल्याकडेही होतो, तेव्हा तुरुंगाच्या नोंदी कोण काढून बघतो?

मान देण्याची रीतही ठरलेली आहे. 1945 मध्ये ब्रिटिश फौजेशी झालेल्या सुराबायाच्या लढाईची आठवण म्हणून 10 नोव्हेंबर हा वीर दिन. (तिथे उतरलेल्या ब्रिटिश फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते, हे आपण सहसा सांगत नाही.) सकाळी स्थानिक वेळेनुसार 8:15 ला 60 सेकंद मौन, मग जकार्तातील कालिबाता व इतर वीर-स्मशानांत थडग्यांवर फुले. 1,000 रुपियाच्या नोटेवर आचे प्रांताची चुट मेउतिया, 10,000 च्या नोटेवर पापुआचे फ्रान्स काइसिएपो. म्हणजे दूरच्या टोकांचे वीरही रोजच्या बाजारहाटात दिसतात. मराठवाडा मुक्तिसंग्रामात लढलेली आपली दगडाबाई शेळके धोपटेश्वरच्या पंचक्रोशीबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

एवढी चाळणी लावूनही तिथे गफलती होतातच. स्वातंत्र्यलढ्यातले कम्युनिस्ट नेते तान मलाका यांना 1963 मध्ये किताब मिळाला. पुढे कम्युनिस्टविरोधी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत तो काढून घेतला नाही, पण शालेय पुस्तकांतून त्यांचे नावच गायब झाले. 2025 मध्ये खुद्द सुहार्तो आणि त्यांच्याच काळात, 1993 मध्ये, खून झालेली कामगार कार्यकर्ती मार्सिना या दोघांना एकाच दिवशी हा किताब मिळाला. त्यावर निदर्शने झाली. शेवटची सही राजकारण्याची असली की वरच्या टप्प्यावर असे घडणारच. म्हणून घ्यायची ती खालच्या टप्प्यांची शिस्त.

बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथे पुरावा गावपातळीवर उघडपणे तपासला गेला असता तर एवढी वेळ आली नसती. तेव्हा प्रत्येक तालुक्यात इतिहासाचे प्राध्यापक, अभिलेखाचे जाणकार आणि महसूल अधिकारी यांची छोटी समिती नेमावी. निजामकाळातील उर्दू कागद वाचू शकणारा एक तरी सदस्य तिच्यात असावा, नाहीतर निम्मे पुरावे दप्तरातच पडून राहतील. स्तंभावर नाव कोरण्याआधी पुराव्यांसह यादी 30 दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि हरकती लेखीच घ्याव्यात.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक, नांदेड