मॅकवर विमान उडवायचं म्हणतोस?

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. नवा मॅक घेतलास, अभिनंदन. आणि घेतल्या घेतल्या तुझी तक्रार सुरू: एवढं ताकदवान यंत्र, मग मायक्रोसॉफ्टला आपला फ्लाइट सिम्युलेटर त्यावर आणायला काय धाड भरली आहे? अरे, यंत्राच्या ताकदीचा इथे फारसा संबंधच नाही. माझं मत सरळ सांगतो. जो सिम्युलेटर विंडोजवर लहानाचा मोठा झाला, तो आता उचलून दुसरीकडे नेण्यात काही राम नाही. जो पहिल्यापासूनच सगळीकडे वाढला, त्याची गोष्ट वेगळी.

गंमत बघ, हा सगळा खेळ मुळात ॲपलच्या घरातला. ब्रूस आर्टविकच्या सबलॉजिक कंपनीचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर निघाला तो ॲपल टू वर, १९७९-८० च्या सुमारास. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला आणि १९८६ मध्ये मॅकसाठीसुद्धा काढला. म्हणजे पोर्ट करणं, एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेणं, अशक्य आहे असं कधीच नव्हतं. पण तेव्हा सगळा पसारा फ्लॉपीवर मावत होता: क्षितिजाची एक रेघ, चार डोंगर, थोडी घड्याळं.

आता सिम्युलेटर म्हणजे नुसता नवरदेव, त्याच्यामागे अख्खं वऱ्हाड. कुणी बनवलेलं एअरबस, कुणी केलेला विमानतळ, हवामानाचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम), व्हॅटसिमला, म्हणजे खऱ्या माणसांच्या ऑनलाइन हवाई नियंत्रणाला, जोडणारा प्रोग्रॅम, जॉयस्टिकची बटणं बसवायचं सॉफ्टवेअर. नवरदेवाला नव्या घरात घेतलं तरी वऱ्हाड दाराबाहेरच राहतं. आणि आपल्यासारखी नादिष्ट माणसं पैसे ओततात ती वऱ्हाडावरच!

तुला माझ्याकडचं उदाहरण देतो. माझ्या लिनक्सवर एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर आहे, तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. त्यातल्या एका विकतच्या विमानाच्या प्लगइनचं फोल्डर उघडलं की आत तीन फायली दिसतात: विन, मॅक, लिन. बनवणाऱ्याने एकच कोड तीनदा बांधायचा, तीनदा तपासायचा. मागच्या वेळी अपडेट आलं तेव्हा विनची फाइल ताजी होती आणि लिनची आधीच्याच तारखेची. विमान उघडलं, इंजिनं सुरू झाली, पण फ्लाइट कॉम्प्युटरचा पडदा काळाच. बनवणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'लिनक्सवाले गिऱ्हाईक फार थोडे, सवड मिळाली की बघतो.' मी त्याला दोष देत नाही. एकटा माणूस, त्याचं पोट विंडोजवाल्यांवर. मॅकवर आणखी एक सोपस्कार असतो. बाहेरून उतरवलेल्या प्लगइनवर मॅक संशय घेतो, बनवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून उघडूच देत नाही. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, जाऊन त्याची समजूत काढा.

पोर्ट नको, भाषांतर करणारा थर टाकून चालवू, असंही म्हणशील. इथे लिनक्सचं नशीब बरं आहे. व्हॉल्व कंपनीचा प्रोटॉन हा असाच थर, त्याला मुख्यतः डायरेक्टएक्सचं (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) व्हल्कन (लिनक्सवर चालणारी तशीच भाषा) करायचं असतं. प्रोसेसर तोच, त्यामुळे विमानाचं गणित जसंच्या तसं पळतं. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर लोक असाच लिनक्सवर उडवतात. तुझ्या मॅकवर मात्र दुहेरी भुर्दंड: ग्राफिक्सचं मेटल, म्हणजे ॲपलची भाषा, करायचं आणि शिवाय इंटेलसाठी लिहिलेला सगळा कोड ॲपलच्या चिपला कळेल असा फिरवायचा. साध्या खेळाला हे खपून जातं. सिम्युलेटरला सेकंदाला तीस चित्रं द्यायची म्हटली तरी एका चित्राला जेमतेम ३३ मिलीसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात हवा, इंजिनं, ऑटोपायलट, सगळं उरकायचं असतं. पूर्वी ॲपलचंच बूट कॅम्प टाकून मॅकवरच विंडोज चालवता यायचं. २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्या आणि तीही वाट बंद झाली. व्हीआरचं, डोळ्यांवर चष्मा चढवून उडवायचं, तर नावच काढू नकोस, व्हॉल्वच्या स्टीमव्हीआर या व्हीआरच्या सॉफ्टवेअरने त्याच वर्षी मॅकचा नाद सोडला.

मग एक्स-प्लेनला कसं जमलं? ऑस्टिन मेयरने तो नव्वदच्या दशकात मॅकवरच सुरू केला. पंखाचे बारीक तुकडे करून प्रत्येकावरचा जोर मोजायचा, ही त्याची पद्धत कुठल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमला बांधलेली नाही. ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल ही ग्राफिक्सची जुनी, सगळीकडे चालणारी भाषा मोडीत काढायचं जाहीर केलं. २०२० मध्ये एक्स-प्लेन ११.५० आला तो मॅकला मेटल आणि बाकीच्यांना व्हल्कन घेऊन, आणि त्याचा फायदा विंडोजवाल्यांनाही झाला. अनेक घरं सांभाळायची असली की कोड आपोआप नीटनेटका ठेवावा लागतो, हे मला पटतं. पण ही शिस्त बाळपणापासूनची. पस्तिशीत लावायला गेलं की कंपनीचं दिवाळं निघायचं. शिवाय योक (विमानाचं स्टिअरिंग), पेडल, महागडी विमानं घेणारा माणूस पोर्टची वाट बघत बसत नाही, तो सरळ वेगळा विंडोज पीसी बांधतो. मग पोर्ट विकायचा कुणाला? हौशी लोकांना, आणि ते चार दिवस खेळून सोडतात.

फ्लाइटगिअर हा सिम्युलेटरही आहे, फुकट आणि मुक्त, मॅकवर चालतो. दिसायला जुनाट, पण रेडिओ लावणं, व्हीओआर, म्हणजे दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, पकडणं शिकायला छान. तुझ्या पुतण्याला तोच दे.

तुला मात्र एक्स-प्लेन १२ चा डेमो. फुकट आहे, भाग आणि वेळ मर्यादित. आधी सेस्ना हे छोटं विमान घे, एअरबसच्या मागे लागू नकोस. जॉयस्टिक विकत घेण्याआधी मला विचार. काहींचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असतं, मॅकवर ती नुसती दांडी म्हणून चालते. माझी जुनी पडून आहे, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग मॅक त्यांच्यासाठी घेतला होता हे मी विसरलेलो नाही.

तुझा,
मंदार