हॉटेलवाल्याच्या दोन किटल्या

अंबाजोगाई
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून माझ्या चष्म्याच्या डबीखाली आहे. रोज रात्री चष्मा काढताना दिसतं, रोज उद्यावर टाकतो. तब्येत बरी आहे, शुगर असायची तेवढी आहे, गोळ्या चालू. झालं. खरं सांगायचं तर आजही लिहिलं नसतं. पण काल रात्री जे झालं ते बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? त्यात काय एवढं?" तिचंही बरोबर आहे. हे कळायला त्या गॅदरिंगच्या रात्री विंगेत उभं असायला पाहिजे, आणि विंगेत आपण दोघंच होतो.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही महिन्याला एक सिनेमा दाखवतो ते तुला माहीत आहे. ('म्हाताऱ्यांचं थेटर' म्हणाला होतास. विसरलो नाही.) प्रोजेक्टर डॉक्टरांच्या पोराचा, पडदा म्हणजे आमच्या घरची डबलबेडची पांढरी चादर, आणि तिच्यावरून घरात दर महिन्याला वेगळा सिनेमा. ह्या वेळी निवडायची पाळी माझी. मी लावला 'मॅन ऑन द मून'. अँडी कॉफमन नावाचा एक अमेरिकन विनोदवीर होता, त्याच्या आयुष्यावरचा. दिग्दर्शक मिलोश फोरमन, काम जिम कॅरीचं, १९९९ चा. जिम कॅरी म्हणल्यावर लोक हसतील असा माझा हिशोब. तिकडं अमेरिकेतसुद्धा ह्या हिशोबात निर्माते बुडाले, खर्च निघाला नाही, हे मला नंतर कळलं.

पस्तीसेक माणसं आलती. सिनेमा सुरू होतो तोच हा कॉफमन पडद्यावर येऊन कुठल्यातरी परदेशी माणसाच्या बोबड्या बोलीत सांगतो की सिनेमा भिकार झालाय, त्यातला फालतू भाग मी कापून टाकला, आता काही उरलंच नाही, संपला, या आता. एक रेकॉर्ड लावतो, नावं सरकतात, आणि मग सगळं काळं. बराच वेळ काळं. आता अंबाजोगाईत पडदा काळा झाला की माणसाच्या मनात पहिलं काय येणार? "गेली!" तिघं-चौघं एकदम. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. कुणी म्हणलं, "इन्व्हर्टर नाही का रे?" आपले गणिताचे सर शांतपणे उठले, मफलर गुंडाळला आणि जिना उतरून घरी गेले. आज सकाळी भाजीत भेटले तर म्हणाले, "सिनेमा छोटा होता, पण छान होता. असेच आणत जा." शपथ घेऊन सांगतो.

थोड्या वेळानं कॉफमन परत येतो. म्हणतो, अजून इथंच? ज्यांना मी कळणार नव्हतो त्यांना घालवायचं होतं. मी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, आणि तिच्या मागं, शेवटच्या रांगेत, मला उत्तम दिसला.

हेल्मेट मांडीवर घेऊन बसलता. केजचं खत-बियाण्याचं दुकान लवकर बंद करून आला असणार. मी बोलावलं नव्हतं, खरं सांगतो, मुद्दामच नव्हतं. त्याच्याशी माझं बोलणं म्हणजे बियाणं, खत, पाऊस. तुझंही तेवढंच. तीस वर्षं आपण दोघं त्याच्याशी पावसावर बोलतोय.

सिनेमा इंग्रजी, खालची अक्षरंही इंग्रजी, म्हणून मी बाजूला उभा राहून मराठीत सांगत होतो. काय सांगणार? एक माणूस स्टेजवर येतो, रेकॉर्ड लावतो, गप्प उभा राहतो, गाण्यातली एकच ओळ आली की हात वर करून नुसते ओठ हलवतो, परत गप्प. "पुढं?" "पुढं काही नाही." दुसरीकडं तो पोरांपुढं इंग्रजी कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतो, पोरं बोंबलतात, हा वाचतोच आहे. तिथं आपले ग्रंथपाल एकटे खूष. "वाचू द्या की! कुणी वाचतच नाही आजकाल."

मग बायांशी कुस्त्या. तो हे खरंच करायचा, हरवणारीला बक्षीस लावायचा, वर बायकांना टाकून बोलायचा. कन्याशाळेच्या बाई उठल्या. "ह्याला विनोद म्हणता तुम्ही, विठ्ठलराव?" आणि गेल्या. मला त्यांचं चूक वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मी काय त्याचा वकील नाही. पण गंमत पुढं आहे. जेरी लॉलर नावाच्या खऱ्या पैलवानानं १९८२ ला मेम्फिसमध्ये त्याला उचलून डोक्यावर आपटलं, पुढं टीव्हीवर सगळ्यांदेखत थोबाडलं. आपल्या हॉलमध्ये टाळ्या! रात्रीतल्या पहिल्या टाळ्या त्या. आणि दोघांचं आधीच ठरलेलं होतं म्हणल्यावर तेच टाळ्यावाले खवळले. "म्हणजे आम्हाला येड्यात काढलं का?" जसं काही ते मेम्फिसला तिकीट काढून बसलते. मग टीव्हीवरच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' ह्या विनोदी कार्यक्रमात त्याला ठेवायचा का काढायचा ह्यावर फोननं मतदान. नोव्हेंबर १९८२. ठेवा म्हणणारे १,६९,१८६, काढा म्हणणारे १,९५,५४४. कॉलेजची पोरं ओरडली, "बिग बॉस!" तो त्या कार्यक्रमात परत कधी उभा राहिला नाही.

सगळ्यांत कमी गोंधळ कुणाचा झाला सांगू? आमच्या आक्काचा. इंग्रजीचं अक्षर येत नाही, मी सांगतोय ते तिला ऐकू येत नाही, नुसतं तोंडाकडं बघत बसलती. मध्येच मोठ्यानं म्हणाली, "अरे, हा तर रायरंद आहे की!" आणि सगळ्या हॉलला सांगायला लागली. आमच्या दारात रायरंद, म्हणजे बहुरूपी, पोलीस होऊन यायचा. दादांना म्हणायचा चला ठाण्यावर, वॉरंट आहे. माय रडायला लागायची, आम्ही कणगीमागं. मग ज्वारीचं सूप पुढं आलं की मिशीतल्या मिशीत हसायचा. "ह्यानं ज्वारी मागितलीच नाही," आक्का म्हणाली, "म्हणून लोकं चिडले. सोंग उतरवल्याबिगर माणसाला कसं कळंल हसायचं का रडायचं?"

सुध्या, मी त्या सिनेमावर चार लेख वाचून गेलो होतो. एकातही हे नव्हतं.

आता ते सांगतो ज्यासाठी लिहायला बसलो. शेवटाकडं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला त्याचा मोठा कार्यक्रम आहे. एक म्हातारी नाचता नाचता स्टेजवर कोसळते (आपले डॉक्टर अर्धे उठले होते खुर्चीतून), मग हा येऊन तिला जिवंत करतो, आणि कार्यक्रम संपल्यावर सगळ्या प्रेक्षकांना बसगाड्यांत घालून दूध-बिस्किटं खायला नेतो. हे खरं घडलं १९७९ च्या एप्रिलात. कॅन्सर कळला १९८३ संपता संपता. सिनेमावाल्यांनी आजार आधी आणि दूध नंतर केलंय. त्यांना बरं आहे, मागचं पुढं करता येतं.

पोरं म्हणाली, आम्हाला पण पाहिजे दूध. सगळे हसले. मी मागं बघितलं तर उत्तमची खुर्ची रिकामी, आणि माझ्या डोक्यात एकदम ते कप आले.

१९९४ ची फेब्रुवारी आठव. भूकंपाचं वर्ष म्हणून गॅदरिंग साधेपणानं करा असं ठरलं, मांडववाला नाही, म्हणून पडद्याचा दोर माझ्या हातात. यादीत उत्तमचं नाव 'एकपात्री'मध्ये. सगळ्यांना वाटलं लक्ष्मण देशपांडे सरांची नक्कल असणार. आपल्याकडं तेव्हा एकपात्री म्हणजे तेच, एका माणसात ५२ पात्रं, आणि दर गॅदरिंगला त्यांची नक्कल करणारे तिघं-चौघं. उत्तमनं एकच पात्र आणलं, चहाचं पातेलं. स्टोव्हला पिन मारली, काकडा लावला, पंप मारला. एक शब्द नाही. पाणी, साखर, पत्ती, दूध. आणि उभा. मला अजून त्याचा तो फडकं धरलेला हात दिसतो. उकळी काठापर्यंत आली की पातेलं उचलायचा, बसली की ठेवायचा. परत उचलायचा. परत ठेवायचा. पोरं आधी हसली, मग "बस खाली", मग कागदाची विमानं, मग मुलींच्या बाजूनंही हुर्यो. प्राचार्यांनी मान वळवून विंगेकडं बघितलं. तू म्हणालास, "सोड."

म्हणालासच. तू 'थांब' म्हणालो होतो म्हणतोस. म्हण. पण दोर माझ्या हातात होता हे खरं आहे, आणि त्यानं गाळणी हातात घेतली तेव्हाच मी पडदा सोडला हेही.

आता मेस सेक्रेटरी म्हणून आठव. त्या दिवशी सकाळी मेसमधले कप गायब. पोरांनी वाट्यांतून चहा प्यायला, तू माझ्या नावानं शिमगा केलास, माझ्या डिपॉझिटमधून ४० रुपये कापलेस. दोन दिवसांनी शिपायाला कप सापडले. कुठं? स्टेजच्या मागं, खोक्यात. धुऊन, पेपरात एक-एक गुंडाळून. तुला वाटलं मी घाबरून आणून ठेवले. मला वाटलं असेल कुणाची चेष्टा. धुऊन, सुध्या! चोर कप धुतो का?

आणि त्याहून वाईट. मागच्या दाराशी स्टँडसमोरचा हॉटेलवाला दोन मोठाल्या किटल्या घेऊन उभा होता. आठवतं? आपण पडदा पाडून बाहेर आलो, म्हणलं पाहुण्यांचा चहा दिसतोय, आणि दोन-दोन ग्लास हाणले. तू म्हणाला होतास आलं जास्त पडलंय.

काल सिनेमा पुढं चालूच होता. कॉफमन बरा व्हायला फिलिपिन्सला जातो, हातचलाखीनं ऑपरेशन करणाऱ्या बुवाची लबाडी ओळखतो आणि स्वतःच हसतो. तिथं आपल्या अंनिसवाल्यानं उभं राहून पाच मिनिटं भाषण केलं. मग मरतो. १९८४ चा मे, पस्तीस वर्षांचा. मागून कुणीतरी म्हणलं, "हे पण सोंग असंल." मी भाषांतर करायचं सोडून दिलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उत्तम परत आलता. बाहेर नुसता उभा होता का तंबाखू खात होता, माहीत नाही. सगळे गेल्यावर म्हणाला, "आण, घडी घालू." चादरीची दोन टोकं माझ्याकडं, दोन त्याच्याकडं. एकदा दुमडली, तो जवळ आला, टोकं माझ्या हातात द्यायला लागला. मी गडबडलो, एक टोक सुटलं. तो म्हणाला, "पडदा नीट धर. एकदम सोडू नको."

आता चादरीला आम्ही सगळेच पडदा म्हणतो. आक्कासुद्धा म्हणते. बायकोही हेच म्हणाली. पण मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, सुध्या, आणि मला काही कळलं नाही. हसत होता का? उत्तमचं तोंड तुला माहीत आहे. मग हेल्मेट घातलं, म्हणाला, "डीएपी आलंय, कुणाला लागत असलं तर सांग," आणि गाडी काढली.

रात्रभर झोप नाही. विचारावं तर काय विचारावं? तीस वर्षांनी दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांपुढं, "त्या दिवशी तू सगळ्यांना चहा देणार होतास का?" आणि तो म्हणाला "कुठला चहा?" तर? तो म्हणेलच. आणि खरं म्हणतोय का सोंग करतोय ते मला कळणार नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? करायचंच असेल तर पावसाळ्याआधी करून टाक. पोरीचं जमत आलं म्हणालास, मुलगा चांगला असला तर पत्रिकेत अडकू नको. वहिनींना नमस्कार. पुण्यात उकाडा आमच्याएवढा नाही, उगीच रडू नको.

आता काम. तू कागद टाकत नाहीस. मेसच्या हिशोबाची ती निळी वही तुझ्या ट्रंकेत असणार. फेब्रुवारी १९९४ काढ. गॅदरिंगच्या दिवशी खर्चाच्या बाजूला हॉटेलचा चहा लिहिलाय का बघ. लिहिला असला तर तो पाहुण्यांचा, आणि माझा जीव भांड्यात पडला. नसला, तर दोन किटल्यांचे पैसे कुणी दिले ते तुलाही कळेल. फोनवर सांगू नको, फोनवर तू माझं मन राखायला काहीही ठोकतोस. पानाचा फोटो काढून पाठव.

तुझा,
विठ्ठल

ता. क. वही सापडलीच, तर माझे ४० रुपयेही बघ. ते कप मी नेले नव्हते.