पाडव्याचं पत्र, इस्तंबूलहून

इस्तंबूल,
30 मार्च 2025, गुढीपाडवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज इथेही सण आहे. रमजान ईद, म्हणजे इथला बायराम, नेमका पाडव्यालाच आलाय. सकाळपासून जिन्यात पोरांची वर-खाली धावपळ चालू आहे.

फोनवर तुम्ही विचारता, "तिकडे सगळं ठीक ना?" आणि मी "हो" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते.

18 तारखेला विद्यापीठाने इथल्या महापौरांची, एकरेम इमामोलूंची, पदवी रद्द केली. राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायला पदवी लागते, त्यामुळे त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्यांना घरातून नेलं आणि 23 तारखेला कोर्टाने तुरुंगात धाडलं. आरोप भ्रष्टाचाराचे, ते सगळे नाकारतात. बाबा, राष्ट्राध्यक्ष अर्दोआनही कधीकाळी याच शहराचे महापौर होते आणि सभेत एक कविता म्हटली म्हणून 1999 मध्ये चार महिने तुरुंगात होते. ज्या माणसाने हे भोगलंय, त्याच्याच राज्यात हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मी मोर्च्यांना जात नाही. परक्या मुलखात राहताना काय करू नये ते मला कळतं, तेव्हा आई, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. संध्याकाळी मी घरीच असते. वरच्या मजल्यावरच्या तेय्झे चहाची किटली घेऊन खाली येतात आणि आम्ही सिनेमा बघतो. तेय्झे म्हणजे आईची बहीण. आपली मावशीच की! पहिल्या भेटीत मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी 'आवारा'चं गाणं गुणगुणून दाखवलं होतं. राज कपूरचा तो सिनेमा इथे पन्नासच्या दशकात तुफान चालला होता.

गेल्या मंगळवारी त्यांनीच 'योल' लावायला सांगितला. यिल्माझ ग्युने यांनी तो तुरुंगात बसून लिहिला आणि शेरिफ ग्योरेन यांनी त्यांच्या सांगण्याबरहुकूम बाहेर चित्रित केला. मग ग्युने तुरुंगातून निसटले आणि संकलन परदेशात केलं. 1982 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारही मिळाला, पण तुर्कस्तानात तो दाखवायला 1999 उजाडावं लागलं. गोष्ट साधी आहे: काही कैद्यांना आठवडाभराची रजा मिळते आणि ते घरी जायला निघतात. घरी पोचल्यावर कळतं की तिथेही मोकळं काहीच नाही. बर्फातून बायकोला पाठीवर घेऊन चाललेला तो नवरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

पण मला सांगायचंय ते तेय्झेंबद्दल. सिनेमा सुरू होताच त्या उठल्या आणि पडदे ओढून घेतले. आवाजही कमी करायला लावला. मी म्हटलं, आता बंदी कुठे आहे? तर म्हणाल्या, सवय. ऐंशीच्या दशकात कुणाकडून तरी आणलेली कॅसेट त्यांनी अशीच, पडदे लावून पाहिली होती.

साडेआठ वाजले. त्यांनी सिनेमा थांबवायला लावला, दिवा मालवला, तेच पडदे बाजूला सारले, खिडकी सताड उघडली आणि माझं पातेलं घेऊन लाकडी डावाने बडवायला लागल्या. समोरच्या इमारतीतून, मागच्या गल्लीतून, सगळीकडून तोच आवाज. आई, कोरोनात आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या, अगदी तसा. फक्त इथे वाजवणाऱ्यांना कुणी सरकारने सांगितलेलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी त्यांनी खिडकी लावली, पडदे पुन्हा ओढले आणि म्हणाल्या, "लाव पुढे." पातेल्याला पोचा आलाय. मी तो तसाच राहू देणार आहे.

बाबा, राजकारणाचा विषय निघाला की तुम्ही उठून रस्त्याकडची खिडकी लावता. लहानपणापासून पाहतेय आणि त्यावरून तुमच्याशी भांडलेही आहे. आणीबाणीत तुम्ही कॉलेजात होतात, एवढंच मला माहीत आहे. तेय्झे पडदे ओढत होत्या तेव्हा मला त्यांच्या जागी तुमचा हात दिसला. खिडकी लावायची ही सवय तुम्हाला तेव्हा लागली का? तुमचं कुणी आत गेलं होतं का? मी कधी विचारलं नाही, माझी चूक झाली.

फोनवर नको. सवडीने, हाताने लिहून पाठवा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
छकुली