९१ टक्के पसंती, तरी अंक नष्ट!

महोदय,

मोरोक्को म्हटले की आपल्याकडे २०२२ चा फुटबॉल विश्वचषक आठवतो. तिथला पत्रकार कुणाला आठवत नाही. अहमद बेनशेमसी यांनी २००१ मध्ये ‘तेलकेल’ हे फ्रेंच साप्ताहिक काढले आणि २००६ मध्ये ‘निशान’. हे निशान म्हणजे आपली खूण नव्हे, तिकडे त्याचा अर्थ ‘सरळ’. पुस्तकी अरबीऐवजी ते बाजारात-घरात बोलल्या जाणाऱ्या दारिजाच्या वळणाने लिहिले जाई. लोकांच्या तोंडचे विनोद छापले म्हणून काही महिन्यांतच त्यावर बंदी आली, खटलाही झाला.

खरी गंमत २००९ ची. राजे सहावे मोहम्मद यांच्या कारकिर्दीच्या दहा वर्षांबद्दल दोन्ही साप्ताहिकांनी ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकासोबत जनमत चाचणी घेतली. ९१ टक्के लोकांनी राजाला चांगले म्हटले! तरी सुमारे एक लाख प्रती छापखान्यातच जप्त करून नष्ट केल्या. सरकारचे म्हणणे, राजेशाही हा चर्चेचाच विषय नाही. म्हणजे स्तुतीही परवानगीशिवाय नको.

जाहिराती आटल्या, २०१० मध्ये ‘निशान’ बंद पडले आणि बेनशेमसी अमेरिकेला गेले.

– एक वाचक, सातारा