बंबाची तोटी दाखवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "ऱ्हवांदे हो" म्हणता आणि पावसाच्या गोष्टी काढता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, नाहीतर बोलणं बंद कराल. मालवणात निम्म्या लोकांना कळेलच म्हणा.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या न्हाणीघरात गिझरखालून धार लागली. घरात मुंबईची अकरा माणसं. तीन वर्षांतला हा तिसरा निपल, म्हणजे टाकीला पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा. आधीचे दोन गेले तेव्हा मी तेच म्हटलं जे इथे सगळे म्हणतात, खारा वारा, दुसरं काय! जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, नवा निपल आणायचा, टेफ्लॉन टेपचे चार वेढे जास्त मारायचे आणि समुद्राला शिव्या घालायच्या.

तुम्ही आधी एमसीबी पाडून वीज तोडलीत, वॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी केलीत, निपल काढून माझ्या हातात ठेवलात. बाहेरून ठणठणीत, जस्ताची चकाकीसुद्धा होती. आत मात्र तपकिरी फोडांनी भोक इतकं भरलेलं की पेन्सिल जेमतेम जावी. आट्यांपाशी तर अंगठा दाबला तसा तुकडाच निघाला. "वारो भायर, गुरुजीनू. ह्या आतसून गेलाहा."

मग कोपऱ्यातल्या आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या बंबाकडे बोट दाखवलंत. "ह्येची तोटी कसली आसा?"

"पितळेची."

"कित्याक?"

काका, मी 22 वर्षं दहावीला क्रियाशीलता श्रेणी शिकवतोय. जस्त वर, मग लोखंड, तांबं पार खाली. माझ्या जुन्या गिझरची टाकी तांब्याची, तिला लावलेला निपल जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, मध्ये पाणी. अशा जोडीत श्रेणीत वरचा धातू झिजतो. अख्खा विद्युतघट भिंतीवर टांगलेला आणि मास्तरांना दिसला नाही! त्यातून समोर पंचवीस लिटरची टाकी आणि झिजायला हा एवढासा बोटभर तुकडा. पाणी गरम, म्हणजे झीज आणखी वेगानं. शिवाय आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी जरा आंबटच. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, पत्राही पातळ होतो, म्हणून पाइप तिथेच आधी फुटतो. पितळ आणि तांबं श्रेणीत जवळजवळ, म्हणून बंबाची तोटी आजोबांनंतरही टिकली.

टेपचा माझा समजही तुम्ही मोडलात. ती गळती थांबवते, धातूला धातूपासून तोडत नाही. आटे घट्ट आवळले की टेप चिरते आणि धातू धातूला भिडतोच.

दुकानात तर मजाच. काउंटरवर चार निपल, सगळे सारखेच चमकणारे. तुम्ही खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलंत. दोन चटकन चिकटले, म्हणजे वर मुलामा आणि आत लोखंड. न चिकटलेले घेतलेत. टाकीला पितळी निपल, मग सेफ्टी वॉल्व्ह, पुढे सीपीव्हीसीचा तुकडा आणि त्यानंतर भिंतीतली जीआय लाइन. मध्ये प्लास्टिक आलं, घट तुटला. त्याच वेळी तुम्ही गिझरची अर्थिंगची वायर तपासलीत. पाइपातून अर्थिंग मिळेल ह्या भरवशावर राहायचं नाही, हे मला सुचलंही नसतं. खाऱ्या वाऱ्याचा वाटा तुम्ही ब्रॅकेटच्या स्क्रूंपुरताच मान्य केलात, तेही स्टेनलेसचे घालून दिलेत.

हे कुठे शिकलात म्हटलं तर "होडयेर." ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावतात, ती झिजते म्हणून बाकीचं वाचतं. घरी येऊन पुस्तक उघडलं. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा तळ वाचवायला हीच युक्ती केली होती, जस्त आणि लोखंडाचे तुकडे लावून. इनॅमल लावलेल्या पोलादी टाकीच्या नव्या गिझरमध्ये मॅग्नेशियमचा दांडा असतो, तोही ह्याच कामाचा. मुलीच्या कुडाळच्या गिझरचा तो कधी कोणी काढून पाहिलेलाच नव्हता. परवा पाहिला, मधली तार तेवढी उरली होती. बदलला.

पैसे घेतले नाहीत, मोदकही डब्यात बांधून नेले नाहीत. तो फुटका निपल मी करवतीनं उभा चिरून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय.

तुम्ही जाताना बजावलं होतं की गरम पाण्याची जीआय लाइनही जाणार, कारण टाकीतलं तांबं पाण्यातून पुढे जाऊन जस्तावर बसतं. मी चालढकल केली. आता बाहेरच्या एल्बोपाशी तपकिरी ओघळ दिसतोय. सीपीव्हीसीचे पाइप आणून पडवीत ठेवलेत, शाळेला सुट्टी पडली की काम काढतो. चुंबक तेवढं घेऊन या.

तुमचा,
शेजारचो मास्तर